मंत्रिमहोदय, तोरणमाळला एप्रिलात या

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मी शहाद्याचा, निवृत्त शिक्षक. नोकरीची निम्म्याहून जास्त वर्षं धडगाव-मोलगीच्या डोंगरात गेली. आता गुडघे बोलतात, पण घरी बसलं की जास्त बोलतात, म्हणून अजूनही महिन्यातून एकदा एसटीनं वर जाऊन येतो. आपली-माझी ओळख नाही. आपल्या खात्याशी माझा संबंध एका वाक्यापुरता: तोरणमाळ हे महाराष्ट्रातलं दुसऱ्या क्रमांकाचं थंड हवेचं ठिकाण. पत्रकांत, फलकांवर, बातम्यांत आणि मुलांच्या निबंधांत हे वाक्य इतकी वर्षं वाचतोय की आता ते दिसतही नाही. आणि कबूल करतो, मी स्वतः ते वर्गात पाठ करून घेतलेलं आहे. पहिला क्रमांक कोणाचा, हे एकाही पोरानं कधी विचारलं नाही. ते सगळ्यांना ठाऊकच असतं. महाबळेश्वरनंतर उरलेलं ते तोरणमाळ.

त्या वाक्यासोबत फोटोही ठरलेला. यशवंत तलाव, त्याच्यावर धुकं, मागे हिरवा उतार. नाहीतर सीताखाई आणि तिच्यात कोसळणारा धबधबा. दोन्ही फोटो खरे आहेत, दोन्ही ऑगस्टातले आहेत. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत डोंगर तसा असतो. ऑक्टोबरात गवत पिवळं पडतं, दिवाळीनंतर वाळतं, मग साग पानं टाकायला लागतो, आणि होळीपासून पुढे सगळा सातपुडा करडा, तपकिरी, उघडा. वर्षातले सात-आठ महिने तोरणमाळ असं दिसतं. त्या महिन्यांतला एक फोटो मी आजवर सरकारी पत्रकात पाहिलेला नाही.

नावातच सगळं आहे खरं तर. तोरण हे काटेरी झुडूप. उन्हाळ्यात त्याला पांढरट गोड फळं लागतात, पोरं हात ओरबाडून घेत ती खातात. काहीजण नावाचा संबंध तोरणादेवीशी जोडतात, त्यालाही माझी ना नाही. दुसरा शब्द माळ. माळ म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको: उंचावरची उघडी जागा, जिथं गवत आहे, दगड आहे, वारा आहे, गुरं आहेत आणि नांगर नाही. सरकारी कागदांत मात्र या शब्दाला जागा नाही. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' असतो, नियोजनात 'पडीक' असतं. देशातल्या पडीक जमिनींचे नकाशे केंद्र सरकार काढतं, त्यांत झुडपी रानं आणि गवताळ माळ पडीक म्हणून रंगवलेले असतात. हा हिशेब इंग्रजांच्या महसुलाचा. जिथून सारा येत नाही ती जमीन वाया. इंग्रज गेले, हिशेब राहिला.

माझं या पत्रात एकच म्हणणं आहे. हा माळ रिकामा नाही, तेव्हा तो भरायला येऊ नका.

जागा कशी आहे ते थोडक्यात सांगतो, कारण नकाशात ती नीट कळत नाही. तापीचं खोरं दक्षिणेला, नर्मदेचं उत्तरेला आणि मध्ये सातपुडा. दगड सगळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. शहाद्याहून तोरणमाळ ५५ किलोमीटर. राणीपूर, काळापाणी, मग सातपायरीचा घाट. वळणांमागून वळणं घेत गाडी चढते आणि एकदम सपाटीवर येते. उंची सुमारे ११५० मीटर. वर तलाव, गोरखनाथांचं देऊळ, मच्छिंद्रनाथांची गुहा. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते, मध्य प्रदेश-गुजरातेतूनही माणसं पायी येतात. माळाच्या पलीकडच्या कडेवर उभं राहिलं की दऱ्यांमागे दऱ्या दिसतात, आणि त्या दऱ्यांत, एकेका टेकाडावर एकेक घर. आमच्याकडचं डोंगरातलं गाव देशावरच्या गावासारखं एका जागी नसतं. शेत तिथं घर. पाडे दोन-चार मैलांत विखुरलेले. पाहुण्याला वाटतं इथं कोणी राहतच नाही. 'रिकामं' वाटण्याची सुरुवात इथूनच होते.

आता एका पक्ष्याची गोष्ट. जरा लांबेल, पण माझं म्हणणं तिच्यातच आहे.

रानपिंगळा हे लहानसं घुबड. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी, होय, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम, त्याचं वर्णन पहिल्यांदा छापलं आणि नमुना मिळवणाऱ्या ब्लेविट यांचं नाव त्याला दिलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत जेम्स डेव्हिडसन नावाचे खानदेशातले अधिकारी शहादा-तळोद्याच्या जंगलांतून हे पक्षी टिपून विलायतेला धाडत होते. १८८४ नंतर मात्र एकही नमुना नाही. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून कातडी सातच. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांनीही शोध घेतला, हाती काही लागलं नाही. पक्षी नामशेष झाला असंच बहुतेकांनी धरलं.

मध्येच एक चोरी आहे. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन हे इंग्रजांच्या फौजेतले बडे अधिकारी, पक्षीशास्त्रात नावाजलेले. १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपण रानपिंगळा मारला, अशी त्यांची चिठ्ठी लावलेलं एक कातडं संग्रहालयात होतं. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते बारकाईनं तपासलं, तेव्हा ते डेव्हिडसनचंच निघालं. साहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातून ते उचललं होतं, पुन्हा उसवून-भरून शिवलं होतं आणि वर आपली चिठ्ठी लावली होती. म्हणजे आमच्या तळोद्या-शहाद्याच्या रानातला पक्षी चोरून दुसऱ्या गावच्या नावावर चढवला होता. सातबाऱ्याची अशी प्रकरणं आमच्याकडे पुष्कळ होतात, पण पक्ष्याची ही एकच.

मांडवीची खोटी वाट बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या खऱ्या ठिकाणी शोध घेतला. पूर्वेकडे काही मिळालं नाही. शेवटी ते शहाद्याला आले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात भर सकाळी रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. जिल्ह्याचा पक्षी जिल्ह्याच्या सात महिने आधी सापडला. पेढे मात्र जिल्ह्याचे वाटले गेले, पक्ष्याचे नाही.

अशा गोष्टीत एक टाळीचं वाक्य ठरलेलं असतं: पक्षी साहेबांना हरवला होता, इथल्यांना नव्हे. मला ते म्हणता येत नाही. मी इतकी वर्षं त्या रानातून चाललो, आणि दिसेल त्या लहान घुबडाला पिंगळा म्हणून पुढे गेलो. आपल्या अंगणात काय आहे हे मलाही पेपरातूनच कळलं.

पुढे काही वर्षांनी तोरणमाळच्या खालच्या रानात एका वनमजुरानं तो मला दाखवला. फेब्रुवारी संपत आला होता, सकाळचे नऊ वाजले असतील. साग जवळजवळ निष्पर्ण. त्याच्या शेंड्याशी हा बसलेला, मुठीपेक्षा थोडा मोठा, चक्क उन्हात. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. पोट पांढरं. पंजे मात्र अंगाच्या मानानं दांडगे, मोठ्या भावाचे बूट घातल्यासारखे. शेपूट डावीकडे-उजवीकडे झटकत तो खाली बघत होता. पाच-सात मिनिटं नुसता बघत होता. मग दगड पडावा तसा खाली आला आणि वर गेला तेव्हा पायात सरडा होता. वनमजूर हळूच म्हणाला, "याला दाट जंगल नको, गुरजी. खालचं दिसलं पाहिजे त्याला."

अभ्यासकांनी पुढे हेच लिहिलं. रानपिंगळ्याला विरळ, कोरडं, पानगळीचं रान लागतं. मधून मधून मोकळी जमीन लागते, तिथं पाली, सरडे, उंदीर मिळतात. आणि घरट्यासाठी ढोल्या असलेली जुनी झाडं लागतात. म्हणजे ज्याला आपण उजाड म्हणतो, त्यातलाच बराचसा भाग. नंतर तो मेळघाटात, तानशाच्या रानात, गुजरातेतही सापडला, आणि २०१८ साली जागतिक यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त'मधून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त'मध्ये आणलं गेलं. बातमी बरी आहे. पण डेव्हिडसनच्या तळोद्याच्या रानाचं काय झालं, तेही सांगितलं पाहिजे.

सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेलीपासून सुरुवात झाली. त्या लोकांना बसवायला जमीन हवी होती, आणि नकाशात ती 'उपलब्ध' निघाली तळोद्याच्या जंगलात. १९९० नंतरच्या काही वर्षांत सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन पुनर्वसनासाठी मोकळी केली गेली. सोमावल, रोझवा या वसाहती तिथल्या. तिथं राहायला आलेल्या माणसांचा यात काडीचा दोष नाही. त्यांची नदी, त्यांची शेतं, त्यांचे देव पाण्याखाली गेले. दोष 'रिकामं' या एका शब्दाचा. नदीकाठचं गाव बुडवताना ते थोडक्या लोकांचं होतं, आणि रान तोडताना ते कोणाचंच नव्हतं. एकाच धरणासाठी एकाच जिल्ह्यात दोन जागा रिकाम्या ठरल्या, आणि दोन्ही भरलेल्या होत्या.

आपण म्हणाल, वनखातं माझं नाही, धरण तर नाहीच. बरोबर. पण जागा बघण्याची नजर पर्यटनखातं तयार करतं. हिरवं म्हणजे सुंदर, तपकिरी म्हणजे उजाड, हे लोकांना पत्रकंच शिकवतात. मग उजाड दिसलं की झाडं लावायला सगळे धावतात. २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत राज्यानं ५० कोटी झाडं लावायचा संकल्प केला होता. (१ जुलैला आमच्या जिल्ह्याचा वाढदिवस, आणि वनमहोत्सवही त्याच दिवशी सुरू होतो. दोन्हीकडे भाषण करणारे पाहुणे बहुधा तेच असतात.) मी झाडांच्या विरुद्ध नाही. अक्राणीचे कितीतरी उतार खरोखर बोडके झालेले आहेत. ठेकेदारांनी साग नेला, चोरांनी नेला, आणि पोटासाठी आमच्याच माणसांनी उतारावर नेवाड, म्हणजे रान तोडून नवं शेत, काढलं. एका पावसात तिथली माती नर्मदेला जाऊन मिळते. तिथं झाडं हवीतच, पण इथली: मोह, चारोळी, तेंदू, सालई, धावडा. मात्र जिथं पूर्वीपासून गवतच आहे, तिथं खड्डे खणून रांगेनं रोपं लावणं म्हणजे माळाला शिक्षा करणं आहे.

याचा धडा दुसऱ्यांनी आधीच गिरवलेला आहे. ब्रिटनमध्ये अशा उंचावरच्या उघड्या माळांना मूर म्हणतात. आपल्यापेक्षा ते अगदी निराळे, थंड, ओलसर, पायाखाली दलदल. पण नशीब सारखं. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला फ्लो कंट्री नावाचा असा फार मोठा प्रदेश आहे. 'इथं काहीच नाही' म्हणून १९८०च्या आसपास तिथं हजारो एकरांवर परदेशी सूचिपर्णी झाडं लावली गेली. झाडं लावणाऱ्या धनिकांना करात सवलत होती, म्हणून जास्तच उत्साह. दलदलीत चर खणले, पाणी काढून दिलं, माळ सुकायला लागला, पक्षी गेले. १९८८ मध्ये सवलत बंद झाली. त्यानंतर काय, तर तीच झाडं पैसे खर्चून कापायची आणि तेच चर पुन्हा बुजवायचे. ते काम अजून चालू आहे. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोनं फ्लो कंट्रीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. उघड्या, दलदलीच्या, बिनझाडाच्या माळाला.

इतक्या लांब कशाला, साताऱ्याचं कास बघा. पर्यटक फुलं तुडवतात म्हणून पठाराला जाळीचं कुंपण घातलं. गुरं चरायची थांबली, गवत माजलं, फुलं कमी झाल्याची ओरड सुरू झाली. शेवटी कुंपण काढावं लागलं. माळावर गुरं चरतात हा माळाचा रोग नसतो, तो त्याचा स्वभाव असतो.

आता एप्रिलातला तोरणमाळ, कारण पत्राच्या डोक्यावर मी तेच लिहिलंय.

एप्रिलात पहाटे मोहाखाली माणसं असतात. फुलं रात्रभर आणि पहाटे गळतात, उन्हाआधी वेचावी लागतात, नाहीतर गुरं खातात. बायका, पोरं, म्हाताऱ्या, ज्याचं त्याचं झाड ठरलेलं. झाड वनखात्याच्या हद्दीत असलं तरी ते कोणाच्या आज्यानं राखलं, हे सगळ्या पाड्याला ठाऊक असतं. हा हक्क कुठल्याही दप्तरात नाही आणि त्यावरून भांडणंही फारशी होत नाहीत. झाडाखालचा पाचोळा जाळतात, तो वणवा कधी कधी हाताबाहेर जातो. हे वाईट आहे, आणि ते मी लपवत नाही.

मोह संपत येतो तेव्हा कैरी. आमचूर जगभर खातात, पण ती बनते कुठं हे कोणाला ठाऊक नसतं. धडगाव-मोलगीच्या डोंगरात उन्हाळ्यात कुठल्याही पाड्यावर जा. आंब्याखाली कैऱ्यांचा ढीग, भोवती बायका बसलेल्या. साल काढायची, फोडी करायच्या, आणि त्या सपाट खडकावर एकेक करून पसरायच्या. एकीवर एक पडली तर खालची काळी पडते. लांबून बघितलं तर काळ्या खडकावर कोणीतरी चुना शिंपडल्यासारखं दिसतं. जवळ गेलं की आंबट वास नाकात आणि दातांत एकदमच जातो. चिकानं बायकांची बोटं काळी पडलेली असतात, नखांच्या कडा फाटलेल्या. टोपलीभर कैऱ्यांतून शेवटी ओंजळ-दोन ओंजळ आमचूर उरते. बेसाल्टचा तापलेला खडक म्हणजे या धंद्याचं यंत्र. तो खडक सातबाऱ्यावर पोटखराबा आहे.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका खडकाशी बसलो होतो. आमचूर पसरणारी म्हातारी ओळखीची, तिचा नातू माझ्या वर्गात होता.

"काकी, जरा काळसर झाली तर चवीला काय फरक पडतो?" मी विचारलं.

"चवीला नाही पडत, गुरजी. भावाला पडतो. पांढऱ्याला भाव, काळ्याला निम्मा. एक पाऊस आला की झालं."

तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी थांबली. चार-पाच तरुण उतरले, मुंबईचे असावेत. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मोबाईलवर एक फोटो काढला आणि त्यांतल्या एकानं अगदी नम्रपणे विचारलं, "आजी, इथं बघण्यासारखं काय आहे?"

म्हातारी फोड हातात धरून क्षणभर थांबली. मग म्हणाली, "आता काही नाही, बाबा. पावसात या."

मंत्रिमहोदय, हे पत्र मी त्या वाक्यामुळे लिहितोय. तिच्या पुढ्यात तिचा सबंध वर्षाचा मीठ-मिरचीचा पैसा खडकावर वाळत होता, आणि तिला स्वतःलाच वाटत होतं की इथं बघण्यासारखं काही नाही. हे तिला कोणी शिकवलं? निबंध पाठ करून घेणाऱ्या मीही शिकवलं असेल. पण एकट्या मी नाही.

होळीबद्दल फार लिहीत नाही, कारण तिच्याबद्दल आता सगळेच लिहितात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी संस्थानची राजवाडी होळी १२४६ पासूनची सांगतात. उंचच उंच बांबूचा दांडा रानातून आणून रात्री उभा केला जातो आणि पहाटे होळी पेटते. मोरपिसांचे टोप घातलेले मोरखी, अंगावर नक्षी काढलेले, कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधी बांधलेले बुध्या. ज्यांचा नवस असतो ते कितीतरी दिवस अनवाणी, जमिनीवर झोपून व्रत पाळतात. याहा मोगी देवीचं, राजा पांठाचं नाव घेतलं जातं. आपल्या पाहुण्यांना हे नाचगाणं वाटतं. त्याच्यामागचं एक साधं कारण मात्र कोणी सांगत नाही. दिवाळीनंतर निम्मा डोंगर ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत, खाली तापीकाठी उतरतो. होळीला तो परत येतो. ढोल वाजतात ते घरी आलेल्या माणसांचे. म्हणून होळीसाठी व्हीआयपींचा मंडप घालायचा असेल तर तो जरा लांब घाला, एवढीच विनंती.

अस्तंब्याच्या सुळक्याचंही असंच. अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन या डोंगरात अजून फिरतो, भेटेल त्याच्याकडे जखमेसाठी तेल मागतो, अशी समजूत. दिवाळीच्या दिवसांत अस्तंबा ऋषींचा जयजयकार करत हजारो लोक रात्री तो सुळका चढतात. शिखर तेराशे मीटरच्या वर आहे, वाट अवघड आहे, अपघातही होतात. तिथं कठडे हवेत, पाणी हवं, दवाखान्याची सोय हवी. रोपवे नको. अश्वत्थाम्याला भेटायला तिकीट काढून जाणं महाभारतात बसत नाही.

आता मागणं. तोरणमाळ ज्यात येतं तो अक्राणी तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आहे. १९९६चा पेसा कायदा आणि २००६चा वनहक्क कायदा इथल्या ग्रामसभेला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका म्हणतात. तलावाकाठी किंवा कड्यावर काही बांधायचं ठरलं, तर त्याचा कागद पावरी बोलणाऱ्या ग्रामसभेला तिच्या भाषेत वाचून दाखवा, आणि तिनं 'नाही' म्हटलं तर ते 'नाही' म्हणून लिहून घ्या. पाहुणे राहणार असतील तर पाड्यांवरच्या घरांत राहतील अशी व्यवस्था करा. ज्वारीची भाकर, भगर, मोहाची भाजी पैसे देऊन खातील. रिसॉर्टच्या हौदाला लागणारं पाणी उन्हाळ्यात कोणाच्या विहिरीतून जातं, हे आम्हाला सांगायची गरज नाही, आम्ही ते भरतो. वनखात्याशी एकदा बसून बोला, की ढोली असलेली म्हातारी झाडं 'वाळलेलं' म्हणून तोडू नयेत आणि गवताचा माळ झाडांच्या आकड्यासाठी खणू नये.

आणि रस्ता. तलावापर्यंतचा रस्ता आपल्या खात्याला हवाच असेल. त्या तलावापलीकडे असे पाडे आहेत जिथून आजारी माणूस बांबूला झोळी बांधून खाली आणतात. पेपरवाले तिला 'बांबुलन्स' म्हणतात. ऐकणारे हसतात, झोळीत असलेली बाई हसत नाही. पर्यटनाच्या निधीतून रस्ता करायचा झाला तर तो 'पॉइंट'ला जाऊन संपू देऊ नका, शेवटच्या पाड्याला जाऊन संपू द्या. पर्यटकाची गाडी त्यावरून जाईलच, पण आधी रुग्णवाहिका जाईल.

'दुसऱ्या क्रमांकाचं' हे शब्द पत्रकातून काढून टाकले तर बरं. हट्ट नाही. पण ते राहिले तर निदान फोटो एप्रिलचा घाला.

आणि स्वतः या. ताफा नको, ढोलपथक नको, माझी एसटीही चालेल, शहाद्याच्या बसस्थानकावरून सुटते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात या, तेव्हा मोहाची शेवटची फुलं आणि कैऱ्यांची पहिली टोपली एकाच दिवशी बघायला मिळते. आदल्या रात्री वर मुक्काम करा. पहाटे साडेपाचला मी आपल्याला घ्यायला येईन. उशीर करू नका. आठ वाजता मोह वेचून संपतो, आणि नऊनंतर खडकावर अनवाणी उभं राहवत नाही.

आपला,
शहाद्याचा एक निवृत्त गुरुजी